मांडी आणि अढळपद

ध्रुवाची कथा आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली असते. परंतु ती ऐकताना एका गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ह्या कथेतील सारे भांडण बसण्याच्या एका जागेवरून झाले. उत्तानपाद राजाच्या मांडीवर उत्तम बसला होता. तेथेच ध्रुवही चढू लागला. सुरुचीने त्यास बोल लावून दूर केले. आणि पाच वर्षांचे ते पोर अरण्याची वाट धरून चालते झाले. पुढे त्याने तप केले आणि त्यास अढळपद मिळाले. कीर्तनकार ह्या कथेतून भक्तीचा महिमा वर्णितात, आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र अलीकडे त्या कथेत आणखी एक अर्थ दिसू लागला आहे. मांडी ही प्रेमाची जागा खरी. पण ती अढळ नव्हे. राजाची झाली तरी ती हाडामांसाचीच, आणि ज्या क्षणी खरा धक्का बसतो त्या क्षणी तिच्यावरचे मूल तिच्यावर राहीलच अशी हमी तिला देता येत नाही.

हा अर्थ आम्हांस एखाद्या टीकाग्रंथात सापडला असे नाही. तो सापडला एका कारसीटमध्ये. मोटारीत लहान मुलास बसविण्याचे, पट्ट्यांनी जखडलेले, खोलगट आणि बोजड असे जे आसन असते त्यास हल्ली सर्वत्र कारसीट म्हणतात. आपणही तसेच म्हणू. आमच्या धाराशिवच्या बाजारात पाळणे मिळतात, झोळी टांगण्याचे लोखंडी स्टँड मिळतात, चालायला शिकविणारे पांगुळगाडे मिळतात. पण कारसीट हा शब्द गेल्या काही वर्षांतच आमच्या घराघरांत आला, आणि तो विमानाने आला. जिल्ह्यातील मुले-मुली शिकून पुण्यास गेली, पुण्याहून टेक्ससला आणि न्यू जर्सीला गेली, आणि दोन-तीन वर्षांनी परत आली ती कडेवर एक मूल आणि हातगाडीवर एक कारसीट घेऊन. परदेशी जाणारा आमच्याकडील माणूस मुंबईस किंवा हैदराबादेस विमान गाठतो. म्हणजे कारसीटचा प्रवास जेथे संपतो असे विमान कंपनी समजते, तेथून आमचे घर आणखी अडीचशे-तीनशे किंवा चारशे किलोमीटर दूर असते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण आमचे सारे म्हणणे शेवटी ह्या अंतराशीच येऊन ठेपणार आहे.

प्रथम ह्या आसनाची थोडी ओळख. तान्ह्या मुलाचे डोके त्याच्या एकंदर उंचीच्या चौथ्या हिश्शाइतके असते. मोठ्या माणसाचे साडेसातव्या-आठव्या हिश्शाइतके. एवढे जड डोके आणि ते तोलणारी मान मात्र कोवळी. गाडी समोरून आदळली की धड पट्ट्याने अडकते आणि डोके पुढे झेपावते. स्वीडनमधील बर्टिल आल्डमन नावाच्या वैद्याने 1960 नंतरच्या काही वर्षांत ह्या प्रश्नाचा विचार केला. जेमिनी यानातील अंतराळवीर पाठीवर रेलून सारा जोर पाठीवर झेलतात हे पाहून, मुलास गाडीच्या तोंडाकडे पाठ करून बसवावे अशी कल्पना त्यास सुचली आणि 1964 च्या सुमारास त्याने तसे आसन करून पाहिले. धक्का बसला म्हणजे मान ओढली जाऊ नये, पाठ, मान आणि डोके ह्यांनी तो मिळून वाटून घ्यावा, एवढेच त्यातील मर्म. 2013 पासून अमलात आलेल्या युरोपातील नव्या नियमाने तर पंधरा महिन्यांपर्यंतचे मूल पाठमोरेच बसविले पाहिजे असे ठरविले आहे.

ह्या आसनाच्या आत, कापडाखाली, बहुधा थर्मोकोलसारख्या फोमचा एक जाड थर असतो. आघात झाला की तो चिरडला जातो आणि चिरडता चिरडता आघाताचा जोर खातो. म्हणजे हे आसन एकदाच लढणारे योद्धे आहे. एकदा खरा मार बसला की त्याचे काम संपले. मोठ्या अपघातातून गेलेले आसन पुन्हा वापरू नये असे ते करणारे सांगतात ते ह्याचसाठी. शिवाय प्लॅस्टिक उन्हाने आणि काळाने म्हातारे होते, म्हणून बहुतेक आसनांवर त्यांचे आयुष्यही छापलेले असते. ते बहुधा सहा ते दहा वर्षांचे असते.

आता अशा वस्तूस विमानाच्या पोटात सामान म्हणून टाकले तर काय होते ते पाहा. आमच्या एका सहकारी प्राध्यापकांचे चिरंजीव गेल्या वर्षी कुटुंबासह अमेरिकेहून मुंबईस उतरले. कारसीट त्यांनी सामानात दिली होती. मूल लहान असले म्हणजे बहुतेक कंपन्या तिचे भाडे घेत नाहीत. आणि जे फुकट न्यावयाचे त्याची काळजी किती घेतली जाते हे निराळे सांगावयास नको. सरकत्या पट्ट्यावरून आसन आले ते उघडे. त्याची पिशवी कोठे गेली कोण जाणे. एका कोपऱ्यावर प्लॅस्टिक पांढरे पडले होते. खिडकीवरील गृहस्थांनी आसन फिरवून पाहिले आणि सांगितले, "किरकोळ ओरखडा आहे, साहेब. वापरायला काही हरकत नाही." चिरंजीव अभियंता आहेत. त्यांनी तेथेच कापड सोडविले. आतील फोम मुळापासून चिरलेला निघाला. त्यांनी तक्रार लेखी नोंदवून घेतली, आसन तेथेच निकालात काढले, आणि मुंबईस बहिणीकडे एक दिवस मुक्काम वाढवून नवे विकत घेतले. तो एक दिवस आणि ते पैसे ह्यांवरून घरात बराच वाद झाला असे आमचे सहकारी सांगतात. "कोपरा तेवढा पांढरा पडला होता," असे त्यांच्या पत्नी आजही म्हणतात.

त्या माउलीचे म्हणणे आम्हांस समजते. फुटलेली घागर गळते, तुटलेली खाट कुरकुरते. संसारातील बहुतेक वस्तू आपला बिघाड स्वतःच सांगतात. कारसीटचा स्वभाव उलटा आहे. ती चिरली तरी तशीच दिसते, मूल तिच्यात तसेच बसते, पट्टा तसाच कट्ट असा आवाज करून लागतो. आणि तिच्यात काही उरले आहे की नाही ह्याचा निकाल फक्त एकाच क्षणी लागतो, ज्या क्षणी तो कळून उपयोग नसतो. ज्या वस्तूची परीक्षा घेता येत नाही तिचा इतिहास तरी आपणांस ठाऊक असला पाहिजे. ती कोणाच्या हातून आली, कोठे ठेवली गेली, कितीदा आपटली गेली, हेच तिच्या गुणाचे प्रमाणपत्र.

आमच्या जिल्ह्यास ही गोष्ट नवी वाटू नये. तुळजापूरच्या भवानीची मूर्ती चल आहे. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की देवी पलंगावर निद्रा घेते ती कोजागरीपर्यंत. हा पलंग पुणे जिल्ह्यातील घोडेगावाहून येतो आणि सीमोल्लंघनाची पालखी अहिल्यानगरजवळील बुऱ्हाणनगराहून. तो पलंग कोणी मालमोटारीवर लादून, पावती फाडून, रवाना करीत नाही. मानकरी आणि भाविक त्यास खांद्यावर वाहून, मुक्कामामागून मुक्काम करीत, पायी घेऊन येतात. वाटेवरचे गाव त्याचे दर्शन घेते. कोणी ह्यास भाबडी रूढी म्हणेल. आम्हांस त्यात एक शहाणपण दिसते: जे आसन कोणासाठी आहे ह्याचे महत्त्व कळलेले आहे, ते एकट्याने प्रवास करीत नाही. निघाल्यापासून पोचेपर्यंत त्याच्यावर कोणा ना कोणाची नजर असते.

विमानाने जाणाऱ्या कारसीटवर अशी नजर ठेवण्याचा एकच पक्का उपाय आहे; तो म्हणजे तिला आपल्याबरोबर वर न्यावे आणि तिच्यात मूल बसवावे. त्याकडे आम्ही येतोच. परंतु तो उपाय खर्चाचा आहे, आणि सर्वांना परवडेल असे नाही; तेव्हा सामानात द्यावयाची वेळ आलीच तर काय करावे ते आधी सांगतो. मूळ खोके जपून ठेवलेले असेल तर त्यासारखे वेष्टन नाही. कारखान्यातून दुकानापर्यंतचा प्रवास त्याच खोक्याने निभावलेला असतो. खोके नसेल तर जाड अस्तराची पिशवी घ्यावी, आणि आसनाच्या खोलगट भागात बाळाची दुपटी, लंगोट असे मऊ सामान भरावे. पट्टे आणि अंकुश आत गुंडाळावेत. लोंबता पट्टा यंत्रात अडकतो. नाव आणि फोन क्रमांक पिशवीवर लिहावा तसा आसनावरही लिहावा, कारण पिशवी वेगळी होऊ शकते हे वर आलेच आहे. देण्यापूर्वी चारी बाजूंनी छायाचित्रे काढावीत. जमल्यास मुख्य खिडकीवर न देता विमानाच्या दारापर्यंत न्यावे आणि तेथे स्वाधीन करावे. एवढ्याने धोका संपत नाही, पण हाताळणारे हात कमी होतात. आणि परत मिळाल्यावर विमानतळ सोडण्यापूर्वी कापड उचलून आत पाहावे. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करावी लागते, असा 1999 च्या माँट्रियल करारात दंडक आहे. भारत 2009 पासून ह्या करारात आहे. तेव्हा "किरकोळ ओरखडा आहे" ह्या वाक्याने समाधान मानून घरी येऊ नये.

आता वर नेण्याविषयी. विमानात दोन वर्षांखालील मुलास स्वतंत्र तिकिटावाचून आईबापांच्या मांडीवर नेण्याची मुभा आहे. आपल्याकडेही आहे आणि अमेरिकेतही. ही मुभा सवलत म्हणून चांगली. पण ती सुरक्षितपणाची ग्वाही आहे असे समजणे भ्रम होय. 19 जुलै 1989 रोजी डेन्व्हरहून शिकागोस निघालेल्या एका मोठ्या विमानाचे शेपटातील इंजिन फुटले, विमान वळविण्याची सारी साधने निकामी झाली, आणि वैमानिकांनी केवळ उरलेल्या दोन इंजिनांच्या जोरावर ते आयोवातील सू सिटी येथे कसेबसे उतरविले. 296 माणसांपैकी 112 दगावली. त्या विमानात मांडीवरची चार मुले होती. आदळण्यापूर्वी त्यांस पायांपाशी जमिनीवर ठेवून धरून ठेवा, अशी सूचना आयांना देण्यात आली, कारण त्या काळच्या नियमांत ह्याहून अधिक काही नव्हतेच. त्यांतील एक मूल गेले. ही सूचना देणाऱ्या मुख्य विमानसेविका जॅन ब्राउन ह्या स्वतः बचावल्या. आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांनी एकच गोष्ट सरकारपुढे मांडली, की प्रत्येक मुलास, ते कितीही लहान असो, विमानात स्वतःचे आसन असले पाहिजे.

आमच्या कन्येने यंदाच्या दिवाळीस येताना वीस महिन्यांच्या आमच्या नातीसाठी स्वतंत्र तिकीट काढले ते आमच्या सहकाऱ्यांच्या घरची हकीकत ऐकूनच. ह्या कामी तिने जी तयारी केली ती इतरांस उपयोगी पडावी म्हणून नमूद करितो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ज्या आसनास विमानात परवानगी असते त्याच्यावर, हे मोटारीप्रमाणेच विमानातही वापरण्यास मान्य आहे, अशा अर्थाचे वाक्य लाल अक्षरांत छापलेले असते; विमानात शंका आली तर हेच वाक्य दाखवावे लागते. नुसती उंची वाढविणारी, पाठीचे पट्टे नसलेली बैठक विमानात चालत नाही, कारण तिला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो आणि विमानात तो नसतो. आसनाची रुंदी आधी मोजावी; साध्या वर्गातील जागा सतरा-अठरा इंचांची असते. जागा खिडकीशी घ्यावी, म्हणजे आसनामुळे दुसऱ्या कोणाची वाट अडत नाही; संकटकालीन दाराच्या ओळीत मात्र ती मिळत नाही. आणि कंपनीस आधी लिहून विचारावे व उत्तर छापून जवळ ठेवावे, कारण एकाच कंपनीची दोन माणसे दोन उत्तरे देतात. पाठमोऱ्या आसनामुळे पुढच्या प्रवाशास आपली पाठ मागे रेलता येत नाही. त्यावरून एक वयस्क गृहस्थ कुरकुरले, असे कन्येने सांगितले. पुढे मूल झोपले आणि गृहस्थही झोपले.

मुलास स्वतंत्र जागा सक्तीची का करीत नाहीत, असा प्रश्न अमेरिकेत अनेकदा विचारला गेला आहे. 2005 मध्ये तेथील विमानखात्याने त्याचे उत्तर दिले. तिकिटाचा खर्च वाढला की काही कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील. रस्ता हा आकाशाहून कितीतरी अधिक धोक्याचा. म्हणून सक्तीने वाचणाऱ्या मुलांपेक्षा दगावणारीच अधिक होतील, असा तो युक्तिवाद होता. तेथील अपघात तपासणाऱ्या मंडळास तो मान्य झाला नाही. आम्हांस त्या वादात पडावयाचे नाही. पण ह्या युक्तिवादाचा आमच्यासारख्यांसाठी काय अर्थ होतो, तो पाहण्याजोगा आहे. आकाशातील पंधरा हजार किलोमीटर हा आमच्या नातीच्या प्रवासाचा सर्वांत निर्धोक भाग. हैदराबादेच्या विमानतळाबाहेर पाऊल पडले, की तेथून खरा धोका सुरू.

आणि नेमके येथेच आपल्याकडे काय घडते? सात समुद्र ओलांडून, पिशवीत घालून, जिवापाड जपून आणलेली कारसीट भाड्याच्या गाडीच्या डिकीत जाते, आणि मूल आजीच्या मांडीवर.

हैदराबादेस आम्ही उभयता गाडी घेऊन गेलो होतो. आमच्या पत्नीने नातीस त्या दिवसापूर्वी केवळ फोनच्या पडद्यावर पाहिले होते. तिने हात पुढे केले, मूल आश्चर्य म्हणजे न रडता आले, आणि ती त्यास घेऊन गाडीत जाऊन बसलीही. कन्या मात्र आसन हातात घेऊन दाराशी उभी.

"आई, तिला क्षणभर बाबांकडे दे. मला हे आधी बसवायचं आहे."

"अगं, दीड दिवस त्याच्यातच बांधलेली आहे पोर. आता तरी माझ्या मांडीवर राहू दे. मी घट्ट धरते."

गाडीवानही सज्जन होता. तो म्हणाला, "ताई, हळूच घेतो की गाडी. आपल्या घरचंच लेकरू समजा."

कन्या रागावली नाही, आणि हटलीही नाही. तिने मागच्या बैठकीचे आच्छादन चाचपून पाहिले. आपल्याकडील भाड्याच्या गाड्यांत मागच्या पट्ट्यांची कुलपे बहुधा त्या आच्छादनाखाली गाडली गेलेली असतात. येथेही तसेच होते. गाडीवानाने सुरी आणून शिवण उसवली. मग आणखी एक अडचण निघाली. अमेरिकेतील गाडीचा पट्टा पुरता ओढून सोडला की तो तेथेच अडकून आसन घट्ट धरतो. आपल्याकडील बहुतेक गाड्यांचे पट्टे केवळ झटका बसला तरच अडकतात, एरवी सैल राहतात. तिच्या आसनास पट्टा आवळून धरणारी स्वतःची चाप होती म्हणून निभावले. नसती तर एवढ्या लांबून आणलेले आसन बैठकीवर डुगडुगत राहिले असते. परदेशाहून आसन आणणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच ही गोष्ट पाहून घ्यावी. सारे मिळून अर्धा तास गेला. आमच्या पत्नी त्या अर्ध्या तासात एक शब्द बोलल्या नाहीत. मूल आसनात गेले, आणि त्यांची मांडी रिकामी झाली. त्या रिकाम्या मांडीवर त्यांनी आपली पिशवी घेतली.

आजीच्या "मी घट्ट धरते" ह्या शब्दांत खोटे काही नव्हते. पण हिशेब करून पाहावा. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तूस आपल्या वजनाच्या सुमारे वीसपट जोराने धरून ठेवावे लागते. दहा किलोंचे मूल म्हणजे त्या क्षणापुरते दोनशे किलो. धाराशिवच्या बाजार समितीत सोयाबीनची पोती उचलणारा हमाल एका पोत्यास दोन्ही हात आणि पाठ लावतो. येणारी दोन पोती नुसत्या हातांनी झेलीन असे तो कधी म्हणणार नाही. प्रेमास हे गणित ठाऊक नसते, आणि गणितास प्रेम ठाऊक नसते. मूल कोणाच्या मांडीवर आहे ह्याची विचारपूस रस्ता करीत नाही.

उमरगा मागे पडले आणि दिवस मावळला. नळदुर्गच्या अलीकडे उसाने लादलेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर अकस्मात समोर आला. हंगाम सुरू झाला की आमच्याकडील रस्त्यांवर हे नित्याचेच आहे. गाडीवान कुशल होता; गाडी थांबली, कोठे ओरखडाही उमटला नाही. पण आमच्या पत्नीच्या मांडीवरची पिशवी उडून पुढच्या बैठकीच्या पाठीवर आपटली आणि त्यातील चष्म्याचे घर, तीर्थाची कुपी, लाडवांचा डबा पायांशी विखुरले. पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी धरलेली होती. मूल आपल्या आसनात झोपले होते, ते किंचित कुरकुरून पुन्हा झोपले. पत्नीने डबा उचलला, झाकण लावले आणि नंतर बराच वेळ त्या नातीच्या पट्ट्यावर हात ठेवून बसल्या. कोणी काही बोलले नाही, आणि त्या प्रसंगी बोलण्याचे काही कारणही नव्हते.

वाचक म्हणतील, हे सारे ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांचे कौतुक. ज्या ट्रॅक्टरने आमची गाडी थांबविली त्याच्यासारख्याच वाहनांवरून कळंब, भूम, वाशीकडची कुटुंबे बिऱ्हाडासह ऊसतोडीस जातात. त्यांची मुले भांड्यांच्या आणि गाठोड्यांच्या मध्ये, उघड्यावर, झोपलेली असतात. मोटारसायकलच्या टाकीवर उभे केलेले मूल तर आमच्या गावात रोज दृष्टीस पडते. हा आक्षेप खरा आहे, आणि कारसीटने त्याचे उत्तर मिळत नाही. पण सरकारी कायद्याने निदान गोष्ट कोठवर आली आहे ते सांगणे अवश्य आहे. 2019 च्या दुरुस्तीने, चौदा वर्षांखालील मुलास पट्टा किंवा बालकांचे आसन ह्यावाचून मोटारीत नेल्यास चालविणाऱ्यास एक हजार रुपये दंड सांगितला आहे. आणि दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलास चालकाशी बांधणारा पट्टा व शिरस्त्राण हवे, वेग चाळिसाच्या आत हवा, असा नियम 2022 मध्ये निघाला. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री ह्यांच्यासारखा उद्योगपती मागच्या बैठकीवर पट्ट्यावाचून गेला, तेव्हा संपत्तीने हे शहाणपण येते असेही म्हणवत नाही. जेथे आसन परवडत नाही तेथे आपल्या गाडीत आधीच असलेला पट्टा मोठ्या मुलास लावावयास काही पडत नाही. जेथे पट्टाही नाही तेथे मुलांना उघड्या ट्रॉलीवर बसवून पाठविणारे मुकादम आणि कारखाने ह्यांस विचारावयाचा प्रश्न निराळा आहे, आणि तो कोणी तरी विचारला पाहिजे.

आमच्या हातून होण्यासारखे थोडे होते, ते आम्ही आणि आमचे सहकारी ह्यांनी मिळून केले. मुंबईस त्या दिवशी विकत घेतलेले त्यांचे आसन चिरंजीव परत गेल्यापासून माळ्यावर पडून होते. अशी आसने आज आमच्या गावात अनेक माळ्यांवर असतील. वर्षातून तीन आठवडे त्यांस मूल मिळते आणि उरलेले वर्ष धूळ. आमच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळेच्या एका तरुण साहाय्यकाचे अकरा महिन्यांचे मूल आहे. त्यास दर महिन्यास सोलापुरास डॉक्टरांकडे न्यावे लागते. दुसऱ्याचे जुने आसन घ्यावे की नाही, ह्याविषयी जाणते लोक साशंक असतात, आणि त्याचे कारण आम्ही वर सांगितलेच: ज्याचा इतिहास ठाऊक नाही ते घेऊ नये. पण ह्याचा इतिहास आम्हांस पुरता ठाऊक होता. सहकाऱ्यांनी ते माळ्यावरून उतरविले, कापड धुतले, फोम तपासला, आणि एका पुठ्ठ्यावर स्वच्छ अक्षरांत लिहून तो आसनाच्या पाठीस बांधला: कोणत्या महिन्यात तयार झाले, केव्हा घेतले, केव्हा बाद होईल, विमानात सामान म्हणून कधी दिलेले नाही, अपघात पाहिलेला नाही.

तो साहाय्यक आणि त्याची पत्नी आसन न्यावयास आली तेव्हा मुलाची आजीही बरोबर होती. पट्टे कसे लावावयाचे ते आमच्या पत्नीने तिला दाखविले. "बांधल्यावर रडतं का हो?" असे तिने विचारले. "पहिले चार दिवस रडेल," आमच्या पत्नी म्हणाल्या, "पण रडू द्या. सोलापूर आलं की घ्या मांडीवर."